घट बसायच्या आत

पितृपंधरवडा निम्मा सरला, पावसाच्या सरी ओसरून ऊन जरा टोचायला लागलं, की सोलापुरात गिरण्यांच्या चाळींतून, पेठांतून, वाड्यांतून एकच वाक्य फिरायला लागायचं : ‘घट बसायच्या आत उरकायला पाहिजे.’ काय उरकायचं ते कुणी सांगत नसे आणि कुणी विचारतही नसे. दसऱ्याचं धुणं! घरातलं एकूण एक कापड त्या धुण्यात निघायचं. उशांचे अभ्रे, सतरंज्या, जाजमं, पडदे, बाळाच्या झोळीचं लुगडं, आजोबांचा पटका, देव्हाऱ्यातलं आसन. आणि सगळ्यांत शेवटी, दोघांनी दोन टोकं धरून बाहेर आणायच्या त्या गोधड्या.

चाळीतली खोली ती केवढी! दिवसा सगळ्या गोधड्यांची थप्पी पत्र्याच्या ट्रंकेवर रचलेली असायची आणि वरून एक सोलापुरी चादर टाकून ती झाकलेली असायची. त्या थप्पीला टेकून आम्ही पाढे पाठ केले, तिच्यावर चढून फडताळातला गूळ काढला, पाहुणे आले की तिच्यामागे लपलो. थप्पीतली प्रत्येकीची जागा ठरलेली. आजीची सगळ्यांत वर, कारण आजी सगळ्यांच्या आधी आडवी व्हायची. त्याखाली आम्हा पोरांची, एकीत तिघं मावतील अशी. सगळ्यांत तळाला पाहुण्यांची, जिला हात लावला तर हातावर चापट बसायची. वर्षभर ही थप्पी घरातच असायची. दसऱ्याच्या धुण्याला मात्र ती गावासमोर यायची.

दोन-तीन घरं मिळून हातगाडा ठरवायची, नाहीतर टांगा. बोचकी टांग्यात आणि माणसं चालत. कुणी हिप्परग्याच्या तलावाला जायचं, कुणी तिऱ्ह्याजवळ सीनेच्या काठाला, कुणी ओळखीच्या शेतातल्या विहिरीवर, जिथं इंजिनाचं पाणी पाटाला जोरात यायचं. ज्यांना कुठंच जमायचं नाही त्यांच्यासाठी चाळीतला हौद होता. वडीलमंडळी गिरणीतली पाळी बदलून घ्यायची. शिदोरीत कडक भाकरी, शेंगाची चटणी, कांदा आणि धपाटे. त्या दिवशी तलावाच्या काठावर खाल्लेली शेंगाची चटणी अजून जिभेवर आहे, असं सांगणारी माणसं आज साठीत आहेत.

गोधडी धुणं हे कुणाही येरागबाळ्याचं काम नव्हतं. त्याचं एक शास्त्र होतं, आणि ते घरातल्या थोरलीकडे असायचं. नवी गोधडी सोड्याच्या गरम पाण्यात भिजवायची, दगडावर आपटायची, धोपाटण्यानं बडवायची, दोघींनी समोरासमोर उभं राहून पिळायची. तिला सगळं चालायचं. जुनीला मात्र यातलं काही नाही. ‘तिला धोपाटणं लावायचं नाही ग,’ म्हणून थोरली ओरडायची. जुन्या गोधडीतलं कापड विरून गेलेलं असतं, टाक्यांनीच ते धरून ठेवलेलं असतं. म्हणून तिला उथळ पाण्यात पसरायची, पायानं हळूहळू तुडवायची, आणि ते तुडवायला हलक्या वजनाची पोरं सोडायची. आमची पहिली उपयुक्तता ही अशी सिद्ध झाली. नंतर तिला पिळायची नाही, उतरत्या दगडावर निथळत ठेवायची. पाणी प्यायलेली गोधडी चौघींशिवाय उचलत नसे, आणि उचलताना कुणीतरी ‘हं, आता!’ म्हटल्याशिवाय कुणी हलत नसे.

मग वाळवण. हे सगळ्यांत बघण्यासारखं. काठावरच्या खडकांवर गोधड्या, तरवडाच्या झुडपांवर गोधड्या, शेताच्या तारेवर, रस्त्याकडेच्या कठड्यावर, पुलाच्या भिंतीवर गोधड्या. गावात परतावं तर चाळीच्या तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्यांवरून गोधड्या सोडलेल्या. गिरणीच्या लांबच लांब भिंतीवर, मारुतीच्या पारावर, शाळेला सुट्टी असली तर शाळेच्या कुंपणावर गोधड्या. दोन दिवस सगळं गाव रंगीत होऊन जायचं. साधी चूल-मूल करणारी बाई एरवी चार लोकांपुढे बोलायची नाही. तिनं शिवलेली कवतिकाची गोधडी मात्र भर रस्त्यावर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेसमोर ऊन खात असायची.

आणि माणसं थांबून बघायची. भाजी घ्यायला निघालेल्या बाया वाटेत थांबायच्या, गोधडीचा कोपरा उचलायच्या, उलटी बाजू बघायच्या. उलटी बाजू बघितल्याशिवाय कौतुक करायचं नाही असा रिवाजच होता. सुलट बाजू कुणीही नटवील. टाका किती सारखा पडलाय, सगळे थर घेऊन खाली उतरलाय की नाही, गाठ कुठं लपवलीय, हे सगळं उलटीकडं कळतं. नीट बघून झालं की प्रश्न एकच असायचा : ‘हात कुणाचा?’

‘आमच्या आत्याबाईंचा.’ म्हणजे सासूबाईंचा.

‘वाटलंच. अशी बारीक टीप आता कोण घालतंय!’

एवढंच. पण ज्या सुनेनं हे उत्तर दिलं तिची मान ताठ व्हायची, आणि त्या आत्याबाई गॅलरीत बसून सगळं ऐकत असायच्या. घरात सासू-सुनांचं जमत असो वा नसो, धुण्याच्या दिवशी सून सासूच्या हाताची साक्ष द्यायची.

एकेका गोधडीत घरातलं काय काय उघड्यावर पडायचं! तो हिरवा तुकडा डोहाळजेवणाच्या लुगड्याचा. तो लाल पदर आजीच्या इरकलीचा, जी तिनं लग्नापासून सणासुदीला नेसली आणि विरली तेव्हा स्वतःच कात्री लावली. ती खाकी पट्टी आजोबांच्या अर्ध्या चड्डीची. ते निळं कापड थोरल्याच्या शाळेच्या गणवेशाचं, जो थोरल्यानं, मधल्यानं आणि धाकट्यानं असा तिघांनी घातला. त्या चौकोनात गुळेदगुड्डचा खण. त्या किनारीखाली पिठाची कापडी पिशवी, तिच्यावरची अक्षरं अजून अर्धी वाचता येतात. कोण कुणाच्या घरचं, कुठल्या वर्षी पैसा होता, कुठल्या वर्षी नव्हता, कुठल्या घरात लेक आली आणि कुठल्या घरातून म्हातारा गेला, हे गोधडी वाचता येणारीला सरळ वाचता यायचं. गेलेल्या माणसाचं धोतर गोधडीच्या मधोमध जायचं, आणि त्या मधल्या जागेवर झोपायला आम्हा भावंडांची भांडणं व्हायची. ज्या पोराला अंथरूण ओलं करायची सवय होती त्याची गोधडी मात्र रोजच बाहेर दिसायची. तिला दसऱ्याची वाट बघावी लागत नसे.

या गोधड्या शिवल्या जायच्या उन्हाळ्यात. दुपारी चाळीपुढच्या सावलीत जागा झाडायची, खाली धडसं लुगडं ताणून अंथरायचं, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवायचे. मग थरावर थर. जुनी लुगडी, धोतरं, फाटकी चादर, आणि कधीकधी आख्खी जुनी गोधडी. होय, आमच्याकडे गोधडी टाकून देत नसत. ती फारच विरली की नव्या गोधडीच्या पोटात जायची. म्हणून एखादी उसवली तर आत दुसरी निघायची, आणि तिच्या आत आणखी जुन्या टाक्यांच्या खुणा. तिचं वय विचारलं तर कुणाला वर्षं सांगता येत नसत, पिढ्या सांगता यायच्या.

थर बसले की मोठे मोठे कच्चे टाके. मग चौघी चार बाजूंना बसायच्या आणि कडेपासून आत, आत, चौकोनात चौकोन घालत धावदोरा चालायचा. प्रत्येकीची बाजू वेगळी, पण शेवटी चौघींचे टाके मधोमध भेटायला हवेत. एखादीची बाजू मागं पडली की बाकीच्या थांबायच्या आणि चहा ठेवायला निमित्त मिळायचं. म्हाताऱ्यांना दिसत नसे म्हणून सुईत दोरा ओवायचं काम पोरींकडे. एका वेळी आठ-दहा सुया ओवून ठेवायच्या आणि मग पळायचं, तर लगेच हाक : ‘ये ग बाई, दोरा संपला की!’ त्या ओवण्याच्या मोबदल्यात आम्हाला सगळ्या गल्लीच्या गोष्टी फुकट ऐकायला मिळाल्या. कोण कुणावर रुसलं, कुणाची जाऊ कशी, कुणाच्या लेकीला कुठलं स्थळ आलं. टाका आणि बोलणं एका लयीत चालायचं, आणि एखादी गोष्ट फारच रंगात आली तर त्या जागचे टाके मोठे पडायचे. थोरली ते दुसऱ्या दिवशी उसवायला लावायची.

हे गाव कापडाचं. 1877 साली इथं पहिली गिरणी सुरू झाली, तिला आम्ही जुनी गिरणी म्हणायचो. मग विष्णू, लक्ष्मी, नरसिंग गिरजी, जाम. भोंग्यावर गाव उठायचं, भोंग्यावर जेवायचं. पूर्व भागात तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या घराघरात माग, आणि दिवसरात्र त्यांची खटखट. सोलापुरी चादर देशभर गेली. भौगोलिक मानांकन मिळवणारं महाराष्ट्रातलं पहिलं उत्पादन तीच. पण ज्या घरांनी ती चादर विणली त्या घरांत अंथरायला गोधडीच होती. गिरणीच्या दुकानात कापडाचे तुकडे वजनावर मिळायचे, त्यांना फेंट म्हणायचे. पगाराच्या दिवशी वडील पिशवी भरून फेंट आणायचे. मागावरचं उरलेलं सूत दोऱ्याला. आणि विकायला नेता न येणारी, विणीत चूक राहिलेली, किंवा वापरून वापरून जाळी झालेली चादर थेट गोधडीच्या पोटात. म्हणून सोलापूरची गोधडी वजनाला भारी. वरून लुगड्यांचे तुकडे दिसतात. आत, न दिसणाऱ्या जागी, मोर आणि वेलबुट्टीची जेकार्डची चादर झोपलेली असते.

धुण्याच्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या बोल्या तारेवर शेजारी शेजारी यायच्या. लिंगायत अव्वाची कौदी, पद्मशाली अम्माची बोंत, खालाजानची गोधडी आणि आमच्या आजीची वाकळ. अव्वाच्या कौदीला कोपऱ्यांवर लाल त्रिकोण असायचे. अम्माकडे सुताचे रंग असे की बघतच राहावं, कारण घरात रंगवलेलं सूतच होतं. खालाजानच्या गोधडीला ईदच्या जुन्या कुर्त्यांची चमकदार झालर. कोपरा आवडला की दुसरी मागून घ्यायची, ‘मला पण शिकव की ग हे.’ पुढच्या उन्हाळ्यात आजीच्या वाकळेलाही लाल त्रिकोण आले. एकमेकींच्या घरात फारसं येणंजाणं नसलेल्या बायाही एकमेकींचा हात ओळखायच्या तो या तारेवरून.

आमच्या जिल्ह्यात गोधडी रस्त्यावर दिसायची ती काही धुण्यापुरतीच नव्हे. आषाढीला पंढरपुरात मठांच्या ओवऱ्यांवर, धर्मशाळांच्या कठड्यांवर, वाळवंटात वारकऱ्यांच्या वाकळा वाळत असायच्या, गावोगावच्या हातांच्या. चिंध्या पांघरणाऱ्या गाडगेबाबांनी त्याच पंढरपुरात गोरगरिबांसाठी धर्मशाळा बांधली, तिथं निजायला आलेल्या माणसाच्या खांद्यावरही हीच घडी. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला खेड्यापाड्यांतून गाड्या यायच्या, आणि गाडीच्या साट्यावर गोधड्या अंथरलेल्या असायच्या. कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत निघणारे लाखो पाय, आणि खांद्यावर घट बसायच्या आत धुऊन वाळवलेली गोधडी. सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारात आजही रुग्णांच्या नातलगांच्या गोधड्या कठड्यावर दिसतात. अक्कलकोटकडची कुठली, मंगळवेढ्याकडची कुठली, हे ठिगळाच्या धाटणीवरून सांगणाऱ्या मावश्या अजून आहेत.

1972 साली, दुष्काळात, धुणं झालं नाही. प्यायला पाणी नव्हतं तिथं गोधडीला कुठून येणार? बाया दिवसभर खडी फोडायला जायच्या, पोरं सुकडी खायची. तरीही घट बसायच्या आत गोधड्या बाहेर निघाल्याच. कोरड्याच उन्हात टाकल्या, झटकल्या, उलट्या केल्या आणि घडी घातल्या. सण चुकवायचा नाही, एवढंच त्या वर्षी हातात होतं.

आणि 1993. गणपती विसर्जन करून गाव निजलं होतं, 30 सप्टेंबरच्या पहाटे जमीन हलली. भांडी पडली, पोरं किंचाळली, सगळी गल्ली रस्त्यावर आली. येताना कुणी दागिने घेतले नाहीत, ट्रंक घेतली नाही. अंगावर होती ती गोधडी तशीच ओढत आली. भूकंपात उद्ध्वस्त झालेल्या किल्लारी, सास्तूरच्या बातम्या दिवस वर येईल तशा येत गेल्या आणि गाव सुन्न झालं. पुढच्या कितीतरी रात्री आम्ही घराबाहेर झोपलो, मोकळ्या जागी, गोधडीला गोधडी लावून. गल्लीगल्लीतून भाकऱ्या, कपडे, अंथरुणं-पांघरुणं गोळा झाली. तेव्हा बायांनी थप्पीच्या तळाची गोधडी काढून दिली, पाहुण्यांची, न वापरलेली. आजी म्हणाली, ‘पाहुण्यांसाठीच ठेवली होती की. आता तेच पाहुणे.’ दोन आठवड्यांनी दसऱ्याचं धुणं निघालं तेव्हा गॅलऱ्यांवर जागा मोकळी राहिली होती. कुणाची कुठली गोधडी दिसत नाही हे सगळ्यांच्या लक्षात आलं आणि त्याबद्दल सगळ्यांनी एकमेकींना नावाजलं.

ही रीत फक्त आपलीच नाही. अमेरिकेत अलाबामा नावाच्या राज्यात नदीच्या वळणावर गीज बेंड म्हणून एक वस्ती आहे. गुलामीतून सुटलेल्या माणसांच्या लेकीसुना तिथं पिढ्यान् पिढ्या शेतात झिजलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवत आल्या. 2002 साली त्या गोधड्या ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या संग्रहालयात लागल्या, 2006 साली टपाल तिकिटांवर आल्या. तिथल्या बायाही शरद ऋतूत गोधड्या दोरीवर, कुंपणावर ऊन द्यायला काढायच्या, आणि 2022 पासून त्या वस्तीत दर ऑक्टोबरात त्याचाच उत्सव भरतो. लोक लांबून येतात आणि रस्त्यानं चालत गोधड्या बघतात. महिना आपल्या दसऱ्याचाच! आपल्याकडेही गीता खंडेलवाल यांनी गावोगाव फिरून महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर पुस्तक केलं. हे सगळं वाचलं की ऊर भरून येतो, आणि आमच्या चाळीतल्या बायांनी हा उत्सव किती वर्षं निमंत्रणाशिवाय भरवला हेही ध्यानात येतं.

मला वाटतं, गोधडी शोभते ती अशीच, माणसांच्या वाटेवर. काचेच्या पेटीत ती सुरक्षित राहील, राहू दे बापडी. पण काचेतून कोपरा उचलता येत नाही, उलटी बाजू बघता येत नाही, ‘हात कुणाचा?’ म्हणून विचारायला शेजारी कुणी उभं नसतं. आणि ते उत्तर माहीत असणारी माणसं आता थोडीच उरली आहेत. गिरण्या एकेक करून बंद झाल्या, भोंगे थांबले, चाळींच्या जागी इमारती आल्या. गादी-पलंग आले, मऊ ब्लँकेटं आली, धुणं मशीनमध्ये गेलं. गोधड्या पलंगाच्या पेटीत, माळ्यावर, बोचक्यात बांधून पडल्या. इमारतीच्या दर्शनी बाजूला काही वाळत घालू नये असा नियम झाला. तरी घट बसायच्या आधी तलावाकाठी, कालव्याकाठी अजूनही बोचकी येतात, अजूनही खडक रंगीत होतात. ती रीत मोडलेली नाही. आपण तिच्याकडे बघायचं तेवढं थांबलो.

तेव्हा यंदा आपापल्या घरातली जुनी गोधडी बाहेर काढा. मशीनमध्ये घालू नका, तिचे टाके तुटतील; टबात पसरून हळू तुडवा, त्यासाठी घरातलं हलक्या वजनाचं पोर बोलवा. पिळू नका. भर दुपारी रंग उडतात, म्हणून सकाळच्या उन्हात उलटी घाला, मग सुलट करा. घडी घालताना मागच्या वर्षीच्या घडीवर घालू नका, त्याच रेघेवर ती चिरते. आत कडुनिंबाचा पाला ठेवा. आणि वाळत घालताना मागच्या गच्चीवर लपवू नका. पुढच्या गॅलरीत, कुंपणावर, मंदिराच्या पारावर, गल्लीच्या तोंडाशी घाला. सगळ्या इमारतीनं एक दिवस ठरवला तर कुठला नियम आड येत नाही. हिराचंद नेमचंद वाचनालयाच्या आवारात, हुतात्मा स्मृती मंदिराच्या पायऱ्यांवर, शाळांच्या व्हरांड्यात अशा गोधड्या मांडल्या, तर कॉलेजातल्या पोरी नक्की थांबतील, कोपरा उचलतील.

घरातलं थोरलं माणूस हयात असेल तर त्याला खुर्ची देऊन गोधडीशेजारी बसवा. कुठला तुकडा कुणाचा, ते बोटानं दाखवू द्या. पोरांना लिहून घ्यायला सांगा. आणि मग सुई-दोरा घेऊन, उलट्या बाजूला कोपऱ्यात, शिवणाऱ्या बाईचं नाव धावदोऱ्यानं घाला. दोन-चार अक्षरांचं काम आहे. तिनं आख्ख्या घराला पांघरूण घातलं आणि आपलं नाव कुठंच घातलं नाही. ते आता आपण घालायचं आहे, आणि नाव सांगणारी माणसं आहेत तोवरच घालायचं आहे.